सगळे शब्द ओळखीचे, तरी वाक्य परकं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विद्यार्थी सोप्या इंग्रजी गोष्टी न अडखळता वाचतात. दोनशे वाक्प्रचारांची यादी त्यांनी पाठ केली आहे आणि चाचणीत अर्थही बरोबर लिहितात. पण त्यातलाच एखादा वाक्प्रचार पुस्तकात भेटला की त्यांना त्याचा पत्ताच लागत नाही. मग वाचनातून वाक्प्रचार शिकवायचे तरी कसे?

‘न अडखळता वाचतात’ असं तुम्ही लिहिलं आहे. माझ्या मते दुखणं नेमकं तिथेच आहे. जिथे अडखळायला हवं तिथेही ही मुलं अडखळत नाहीत. मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी अर्थ शिकवले, अडखळायला शिकवलंच नाही.

एक विद्यार्थिनी मला अजून आठवते. ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट वाचत होती. वाक्य होतं, ‘द ओल्ड मॅन किक्ड द बकेट लास्ट विंटर.’ ती वाचून सहज पुढे गेली. पुढच्या पानावर त्याची मुलं जमिनीच्या वाटणीवरून भांडत होती. मी विचारलं, “म्हातारा कुठे आहे मग?” ती म्हणाली, “घर सोडून गेला असेल. रागावला होता ना, बादलीला लाथ मारली त्याने.” खरं तर ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं; म्हातारा गेल्या हिवाळ्यातच मेला होता. तिने आपल्या परीने गोष्ट जुळवून घेतली होती, आणि ती जुळतही होती! एखादा अवघड शब्द आला असता तर ती थांबली असती, तिने शब्दकोश उघडला असता. पण ‘किक’ आणि ‘बकेट’पाशी कोण थांबतं?

हा एकटीचा अनुभव नाही. रॉन मार्टिनेझ आणि व्हिक्टोरिया मर्फी यांनी २०११ साली ब्राझीलमधल्या १०१ प्रौढ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन चाचण्या केल्या. दोन्हींत तेच नेहमीचे सोपे शब्द होते. फरक एवढाच की एका चाचणीत ते शब्द एकत्र येऊन वेगळाच अर्थ देत होते. त्या चाचणीत आकलन घसरलं. त्याहून महत्त्वाची मला दुसरी गोष्ट वाटते. आपल्याला किती समजलं याचा विद्यार्थ्यांनी दिलेला अंदाज प्रत्यक्ष समजलेल्यापेक्षा बराच वर होता. म्हणजे न समजल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. ज्याला आपलं काही अडलंय हेच ठाऊक नाही, त्याला यादीतला पाठ केलेला अर्थ आठवणार तरी कशाला?

शाळेत आपण शब्दशक्ती शिकलो: अभिधा, लक्षणा, व्यंजना. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने लक्षणेसाठी, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून दुसरा घेण्यासाठी, तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, मूळ अर्थाला बाध यायला हवा, म्हणजे शब्दशः अर्थ त्या जागी बसता कामा नये. दुसरी, मूळ अर्थाचा आणि नव्या अर्थाचा काही संबंध हवा. तिसरी, तो नवा अर्थ एक तर रूढ झालेला हवा, नाही तर तसं बोलण्यामागे काही हेतू हवा. ‘कुशल’ हे त्याचं उदाहरण: मुळात कुश नावाचं गवत आणणारा, रूढ अर्थाने निष्णात. इंग्रजी वाक्प्रचार शिकवण्यासाठी मला याहून नेमकी चौकट सापडलेली नाही. यादी पाठ करून घेताना आपण एकदम रूढीवर उडी मारतो, बाध आणि संबंध दोन्ही गाळतो. वाचणाऱ्याला मात्र सगळ्यात आधी बाधच जाणवावा लागतो.

म्हणून माझ्या वर्गात आता पहिला महिनाभर वाक्प्रचाराचा अर्थ कोणी विचारत नाही. एकच काम असतं. हातात पेन्सिल घेऊन पान वाचायचं आणि जिथे शब्द कळतात पण चित्र विचित्र होतं, तिथे समासात एक आडवी रेघ मारायची. अर्थ लावायचा नाही, शब्दकोशही उघडायचा नाही. मी मध्येच एखादं वाक्य निवडते आणि विचारते, “हे खरोखर घडलं का? कॅमेरा असता तर त्यात दिसलं असतं का?” लहान मुलांना मी ते चित्रच काढायला सांगते. ‘शी लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ (म्हणजे तिने गुपित फोडलं) या वाक्याचं मांजर आणि पिशवी काढून झाली की मुलं आपणहून म्हणतात, “पण या गोष्टीत मांजर कुठे होतं?” हा प्रश्न मुलांकडून येणं, हाच बाध.

एक खूण मुद्दाम शिकवावी अशी आहे, आणि ती पुस्तकांमधून सहसा सांगितली जात नाही. इंग्रजीत एखादी गोष्ट पहिल्यांदा आली की बहुधा तिच्याआधी ‘अ’ लागतो, आणि ती ओळखीची झाली की ‘द’. आता पाहा: किक द बकेट, स्पिल द बीन्स, ब्रेक द आइस, बाइट द बुलेट, मिस द बोट, फेस द म्युझिक. यातली बादली, बिया, बर्फ, गोळी, होडी, संगीत यांपैकी काहीही आधीच्या गोष्टीत आलेलं नसतं, तरी प्रत्येकापुढे ‘द’ असतो. म्हणून मी मुलांना सांगते, “जी वस्तू तुम्हाला अजून कोणी दाखवलीच नाही तिच्याआधी ‘द’ दिसला, तर थांबा.” मराठीत असं उपपद नाही, त्यामुळे आपल्या मुलांची नजर ‘द’वरून घसरून जाते. ती तिथे टेकवायला शिकवलं की दर तीन-चार पानांत एखादी तरी रेघ वाढते. ही खूण सगळीकडे चालत नाही. ‘अ पीस ऑफ केक’ किंवा ‘कोल्ड फीट’मध्ये ‘द’ नाही. उलट सूर्य, समुद्र, दार यांच्याआधी ‘द’ सरळपणेही येतो. पण सुरुवातीला हाताशी धरायला ती उत्तम आहे.

शब्दशः अर्थ प्रत्येक वेळी चूकच असतो असंही मुलांच्या मनात बसू देऊ नका. गोठलेल्या नदीतून जहाज नेणारे खलाशीही ‘ब्रेक द आइस’ करतात आणि अनोळखी माणसांच्या बैठकीत पहिला विनोद करणाराही. मी असे दोन छोटे उतारे समोरासमोर ठेवते आणि दोन्हींत काय घडलं ते विचारते. दुसऱ्या उताऱ्यासाठी मराठीत ‘कोंडी फोडणे’ कोणाला तरी सुचतंच.

बाध जाणवला की मग संदर्भ. थॉमस कूपर यांनी १९९९ साली इंग्रजी शिकणाऱ्या १८ जणांना २० वाक्प्रचार देऊन अर्थ लावताना मोठ्याने विचार करायला सांगितलं होतं. त्यात संदर्भावरून अंदाज बांधण्याची युक्ती सर्वांत जास्त वापरली गेली आणि तिनेच सर्वांत जास्त वेळा यश दिलं. पण ‘संदर्भावरून ओळखा’ एवढं म्हणून विद्यार्थ्याला काही मिळत नाही. संदर्भात बघायचं कुठे, हे दाखवावं लागतं.

हा तुकडा घ्या: ‘एमा हॅड प्रॅक्टिस्ड हर स्पीच फॉर वीक्स. अ‍ॅट द लास्ट मिनिट शी गॉट कोल्ड फीट. हर ब्रदर वेंट ऑन स्टेज इन्स्टेड.’ मी पहिला प्रश्न फक्त दिशेचा विचारते: एमाचं चांगलं झालं की वाईट? सगळे म्हणतात, वाईट. दुसरा प्रश्न: त्याचा परिणाम काय झाला? भावाला मंचावर जावं लागलं. तिसरा: म्हणजे तिने काय केलं नाही? बोलली नाही. आता त्या जागी मराठीत काय बसेल ते सांगा. इथे एखादा म्हणतो, “घाबरली.” दुसरा म्हणतो, “आजारी पडली, पाय गार पडले.” आणि खरं सांगायचं तर या तीन वाक्यांत दोन्ही अर्थ बसतात. दुसऱ्या मुलाला चूक ठरवू नका, त्याने संदर्भ नीटच वाचला आहे. संदर्भच अपुरा आहे. मी चौथं वाक्य जोडते: ‘शी वॉज अशेम्ड ऑफ इट फॉर डेज.’ आजारी पडल्याची लाज कोणाला वाटेल? मग वर्गातून आपोआप येतं: कच खाल्ली.

यातून मी दोन गोष्टी शिकले. एक, वाक्प्रचारापाशी थांबायचं, पण तिथे रुतून बसायचं नाही. रेघ मारून पुढची तीन-चार वाक्यं वाचायची आणि मग मागे यायचं. उलगडा पुष्कळदा वाक्प्रचाराच्या नंतर असतो, आधी नसतो. दोन, वाचायला देण्याआधी उतारा शिक्षकाने स्वतः तपासायला हवा. ज्या उताऱ्यात उलगडाच नाही, तिथे मुलांना अंदाज बांधायला लावणं म्हणजे चुकीचा अर्थ पक्का करणं. एकदा मनात बसलेला चुकीचा अर्थ काढणं फार कठीण जातं, म्हणून अंदाजानंतर शब्दकोश हवाच. त्यात मुलं एका ठिकाणी हमखास चुकतात. वाक्प्रचार त्यातल्या एखाद्याच शब्दाखाली, नोंदीच्या अगदी तळाशी दिलेला असतो. एका शब्दाखाली नाही मिळाला तर दुसऱ्याखाली शोधायचा, हे प्रत्यक्ष करून दाखवा.

आता संबंध, म्हणजे मूळ चित्र आणि आजचा अर्थ यांच्यामधला धागा. फ्रँक बूर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून हे दिसलं आहे की वाक्प्रचार मुळात कोणत्या क्षेत्रातून आला हे कळलं तर तो अधिक लक्षात राहतो. वर्गात याचा फायदा लगेच दिसतो. मुष्टियुद्धात खेळाडूचा टिकाव लागेनासा झाला की त्याच्या बाजूचा माणूस टॉवेल आत टाकतो, म्हणून ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे हार मानणं. कमरेच्या पट्ट्याखाली मारायला मनाई असते, म्हणून ‘बिलो द बेल्ट’ म्हणजे नियम सोडून केलेला वार. शिडाच्या जहाजावर दोरांचं जंजाळ असे आणि कोणता दोर कशाचा हे नव्या खलाशाला शिकावं लागे, म्हणून ‘लर्न द रोप्स’ म्हणजे कामातले बारकावे शिकणं. मी आधी गोष्ट सांगत नाही. “हे कुठून आलं असेल? समुद्रावरून, आखाड्यातून, शेतातून?” असं विचारते आणि मुलांना दोन मिनिटं वाद घालू देते. मग सांगते.

इथे एक सावधगिरी. इंटरनेटवर वाक्प्रचारांच्या जन्मकथांचं उदंड पीक आहे आणि त्यात कचराही भरपूर आहे. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’विषयी गवती छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडत, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिला कसलाही आधार नाही. चांगल्या कोशात उगम दिलेला नसेल तर “मूळ माहीत नाही” असं वर्गात सरळ सांगा. मुलं ते सहज स्वीकारतात.

आता मातृभाषेकडे येते, कारण इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. वर्गात मराठी आली की इंग्रजी बिघडतं असं मानणारे शिक्षक अजून आहेत. वाक्प्रचारांच्या बाबतीत मातृभाषा डोक्यात असतेच, तुम्ही तिला बोलावा किंवा नका बोलावू. मग ती उघडपणे फळ्यावर आणलेली बरी. सुझन इरुहो यांनी १९८६ साली इंग्रजी उत्तम येणाऱ्या, स्पॅनिश मातृभाषा असलेल्या १२ व्हेनेझुएलन विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही भाषांत अगदी सारखे असलेले वाक्प्रचार त्यांना समजायलाही सोपे गेले आणि वापरायलाही. थोडाच फरक असलेले वाक्प्रचार समजायला जवळजवळ तितकेच सोपे गेले, पण वापरताना स्पॅनिश मध्ये घुसली. अगदी वेगळे असलेले सगळ्यात अवघड ठरले.

मराठीत हे तिन्ही प्रकार आहेत आणि चौथाही एक आहे. ‘सावर ग्रेप्स’ सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही, कारण कोल्ह्याला आंबट लागलेली द्राक्षं इसापाने दोघांनाही दिली आहेत. ‘कट ऑफ युवर नोज टु स्पाइट युवर फेस’ वाचून मुलं चकित होतात. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारा माणूस इंग्रजीतही निघाला! ‘रेड टेप’ची लालफीत आणि ‘स्टॉर्म इन अ टीकप’मधलं चहाच्या पेल्यातलं वादळ तर इंग्रजीतूनच आपल्याकडे येऊन मराठी झालेले आहेत. हे मुलांना सांगितलं की त्यांना फार आवडतं.

थोडा फरक असलेल्यांत ‘अ‍ॅड फ्युएल टु द फायर’ येतो. वाचताना आगीत तेल ओतणं लगेच आठवतं आणि अर्थ लागतो. पण लिहिताना मुलं ‘पोअर ऑइल इन द फायर’ लिहितात. आणि गंमत अशी की इंग्रजीत खवळलेल्या पाण्यावर तेल ओतणं म्हणजे भांडण शांत करणं.

अगदी वेगळ्यांचं उदाहरण, ‘किक द बकेट’, वर आलंच आहे. चौथा प्रकार सगळ्यात फसवा. शब्द तेच, चित्र तेच, अर्थ भलताच. ‘पुल समवन्स लेग’ वाचून आपला विद्यार्थी बिनधास्त ‘पाय ओढणे’ असा अर्थ लावतो. मराठीत पाय ओढणारा दुसऱ्याची प्रगती रोखतो, इंग्रजीत तो फक्त थट्टा करत असतो. थट्टेखोर मामाचं पात्र वाचणाऱ्याला थेट खलनायक वाटू लागतं आणि पुढची पन्नास पानं तो मामाच्या कपटाची वाट बघत बसतो. तसंच ‘वॉश युवर हँड्स ऑफ’. त्याचा अर्थ हात झटकणे, म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणं. पण शब्द पाहून मुलांना आठवतं ते ‘हात धुऊन घेणे’, म्हणजे संधी साधून फायदा करून घेणं. गोष्टीतला माणूस काढता पाय घेतोय की लूट करतोय, एवढा फरक पडतो. या फसव्या जोड्यांत बाध जाणवतच नाही, कारण मराठी अर्थ त्या जागी बऱ्यापैकी बसून जातो. म्हणून एवढ्यांची मात्र यादी करा आणि आधीच सांगून ठेवा. भिंतीवर लावण्याजोगी ही एकच यादी. ती तुमच्या वर्गानेच वर्षभरात वाढवत न्यावी.

पुस्तकं कोणती, हेही तुम्ही विचारलं आहे. २००० साली हू आणि नेशन यांनी मांडलं की कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची तर पानावरचे साधारण ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे हवेत. वाक्प्रचारांसाठी मी याबाबत आणखी काटेकोर असते. आजूबाजूचं सगळं लख्ख कळत असेल तरच मध्येच आलेलं न कळणारं उठून दिसतं. पण फार सोप्या केलेल्या पुस्तकांतून वाक्प्रचार बहुधा गाळलेले असतात, म्हणून संवाद जास्त असलेल्या गोष्टी, चित्रकथा आणि वर्तमानपत्रांतली हलकीफुलकी सदरं घ्या. आणखी एक अडचण आहे. एकेकटा वाक्प्रचार पुस्तकात फारच क्वचित भेटतो. जाड कादंबरी संपली तरी ‘स्पिल द बीन्स’ एकदाही न येणं सहज शक्य आहे. त्यामुळे नुसतं भरपूर वाचलं की वाक्प्रचार येतील, या भरवशावर राहू नका. एकाच लेखकाची लागोपाठ तीन पुस्तकं, किंवा एकाच खेळाच्या आठ-दहा दिवसांच्या बातम्या वाचून घ्या. तेच प्रयोग पुन्हा पुन्हा येतात. आणि आवडलेलं पान महिन्याभराने पुन्हा वाचायला द्या.

वही ठेवायची असेल तर त्यात वाक्प्रचार आणि अर्थ अशी जोडी लिहू देऊ नका. पूर्ण वाक्य लिहायचं, कोण कोणाला म्हणालं ते लिहायचं, आणि म्हणणारा कोणत्या मनःस्थितीत होता तेही. याचं कारण सांगते. ‘किक द बकेट = मरणे’ असं पाठ केलेल्या एका मुलाने मैत्रिणीच्या आजोबांच्या निधनानंतर तिला पाठवलेल्या सांत्वनाच्या पत्रात तो वाक्प्रचार वापरला. तो हलक्या सुरातला, जवळजवळ थट्टेचा शब्द आहे हे यादीने त्याला सांगितलं नव्हतं. त्याच्या मनात खरं दुःख होतं आणि कागदावर भलतंच उतरलं. पूर्ण वाक्य समोर असतं तर सूर त्याला ऐकू आला असता.

त्यामुळे वाचलेला वाक्प्रचार वापरून वाक्य करा, असा स्वाध्याय मी आता देत नाही. समजणं आणि वापरणं यांच्यात पुष्कळ अंतर असतं. रूपाचेही घोटाळे होतात: ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ म्हटलं तरी गुपितच फुटतं, पण ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की कोणी मरत नाही, खरीच बादली कलंडते. हे नियमाने शिकवता येत नाही, वाचून वाचून कानात बसतं. ज्यांना वापरायचा असेल ते आपणहून वापरतील, तेव्हा दुरुस्त करा.

राहिली तुमची चाचणी. यादीतले अर्थ विचारणं बंद करा. पूर्वी न वाचलेलं एक पान द्या. त्यात सगळे शब्द सोपे असू देत, चार वाक्प्रचार असू देत आणि मुलांनी कधीच न पाहिलेले असू देत. त्याच पानावर एखाद्या वाक्यात खरीखुरी बादलीही येऊ दे, जिथे शब्दशः अर्थच बरोबर आहे. वेळ वीस मिनिटं. पहिला प्रश्न: जिथे अडलं तिथे रेघ मारा. दुसरा: त्यातल्या कोणत्याही दोन ठिकाणी काय घडलं असेल ते मराठीत लिहा, आणि कोणत्या वाक्यावरून तसं वाटलं त्या वाक्याखाली रेघ ओढा. योग्य जागी मारलेल्या प्रत्येक रेघेला एक गुण, ज्या वाक्यावरून ओळखलं ते नेमकं दाखवल्याबद्दल एक, आणि अर्थाला अर्धा. पहिल्या खेपेला माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या कागदावर एकही रेघ नसते. तिसऱ्या-चौथ्या चाचणीला कोणीतरी पाच रेघा मारून आणतं, पाचवी त्या खऱ्या बादलीखाली. तिचा गुण कापू नका.